दिवस मावळला की हडंबा बंद

खामगाव भागात सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि दिवाळीच्या आत सगळं उरकायचं असतं. वाळलेली शेंग कोणासाठी थांबत नाही. चार दिवस जास्त उभी राहिली की वावरातच तडकते आणि दाणे जमिनीत. सोंगून सुडी घातली आणि वरून परतीचा पाऊस आला, तर दाणा काळा पडतो, कोंब फुटतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये ठरला, पण दाण्यात ओल बारा टक्क्यांच्या वर निघाली की खरेदी केंद्रावरून माल परत. त्याच दिवसांत हरभऱ्यासाठी रान मोकळं करायचं असतं, कपाशीची पहिली वेचणी तोंडावर येते, मजूर मिळत नाहीत. कोजागरीपासून खामगावात मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो. दहा-अकरा दिवस गावोगावची माणसं रात्री दर्शनाला रस्त्यावर असतात. महिनाभराचं काम पंधरा दिवसांत कोंबलेलं, आणि त्यातलं अर्धं अंधारात.

माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, हडंबा म्हणजे मळणी यंत्र आहे आणि घरची थोडी शेती आहे. सीझनमध्ये आजूबाजूच्या गावांत सोयाबीन काढून देतो. हडंब्याचे पैसे पोत्यावर मिळतात. सोंगणाऱ्यांचे एकरावर, उक्ते. ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला रोजाच्या वर चिरीमिरी मिळते, तीही किती वावरं उरकली त्यावर. म्हणजे वावरात उभ्या असलेल्या प्रत्येकाचा पैसा वेगावर ठरतो आणि सावकाश चालण्याचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘निष्काळजीपणा’ छापून येतो. मी ज्यांना जखमी झालेलं पाहिलं ती माणसं कामात पक्की होती. वर्षानुवर्षं हडंब्याला घास लावणारी होती. त्यांना घाई होती आणि ती घाई त्यांनी ठरवलेली नव्हती.

शेजारच्या शिवारात काही वर्षांपूर्वी झालेला प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. यंत्र दुसऱ्या गावचं होतं. संध्याकाळ झालेली, वर ढग, ताडपत्री अपुरी. शेवटची सुडी राहिली होती. घास लावणारा पोरगा वीस-बावीसचा. त्याच्या गळ्यात दुपट्टा होता, कुटार नाकातोंडात जाऊ नये म्हणून गुंडाळलेला. घास ओला होता. ओल्या सोयाबीनचा बोळा होतो आणि तोंडाशी अडकतो. त्यानं तो हातानं आत दाबला. आम्ही धुऱ्यापलीकडे ताडपत्री ओढत होतो. यंत्राचा आवाज एकदम जड झाला. हडंब्याजवळ राहणाऱ्याला तो आवाज लगेच कळतो, ड्रममध्ये काही वेगळं गेलं की इंजिन धापा टाकतं. त्या आवाजातूनही ओरडणं ऐकू आलं.

धावत गेलो तेव्हा ट्रॅक्टरजवळ तीन माणसं उभी होती आणि एकालाही तो बंद करता येत नव्हता. ड्रायव्हर बांधाकडे पाणी प्यायला गेलेला. एकानं चावी फिरवून काढून हातात घेतली होती आणि इंजिन तसंच चालू. आमच्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत चावीनं डिझेल इंजिन बंद होत नाही. बंद करायची दांडी वेगळी असते, ती ओढून धरावी लागते. ज्याचा ट्रॅक्टर त्याला हे इतकं सवयीचं असतं, की दुसऱ्याला सांगायचं सुचतच नाही. मी दांडी ओढली. इंजिन थांबलं तरी ड्रम लगेच थांबत नाही, जड चाकाच्या जोरावर आणखी फिरत राहतो. तो थांबला, तेव्हा वरचं झाकण उघडायला पाने शोधत बसलो. पाने ट्रॅक्टरच्या पेटीत, पेटीला कुलूप, चावी मघाच्या माणसाच्या हातात.

पट्टा काढून ड्रम हातानं उलटा फिरवला आणि हात मोकळा केला. १०८ ला फोन लागला, पण पांदणीत चिखल होता. गाडी वावरापर्यंत येणार नाही हे उघडच होतं. म्हणून त्याला बाजेवर टाकून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. स्वच्छ म्हणावा असा एकच कपडा तिथं होता, एका काकूंच्या डब्यावरचं फडकं. ते घट्ट दाबून धरलं आणि हात उंच ठेवला. खामगावच्या सरकारी दवाखान्यात रक्त थांबवलं, तिथून अकोल्याच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. ते पन्नासेक किलोमीटर. जीव वाचला. उजवा हात कोपराखाली गेला.

त्यानंतर मी माझ्या यंत्रावर काही गोष्टी ठरवून टाकल्या. पहिली, हडंबा लावला की सुरू करण्याआधी वावरातल्या सगळ्यांना ट्रॅक्टरजवळ बोलवायचं. सोंगणाऱ्या बायांना, पोतं धरणाऱ्याला, डबा घेऊन आलेल्या पोरालाही. बंद करायची दांडी दाखवायची आणि दोघा-तिघांकडून ओढून घ्यायची. सुरुवातीला बाया हसायच्या. “आमाले कायले शिकवता भाऊ, आमी का ट्रॅक्टर चालवतो?” आता त्याच नव्या बाईला स्वतः दाखवतात. पाने हडंब्याच्या अंगाला दोरीनं बांधलेले असतात. पेटीत नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची. आमच्याकडे वावरात जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालते, ते चांगलंच आहे. अंगाला कूस लागत नाही आणि पदर आत राहतो. भीती असते डोक्याला, तोंडाला बांधलेल्या कापडाच्या मोकळ्या टोकांची. ट्रॅक्टरमधून हडंब्याला फिरवणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदाला नऊ. कापडाचं टोक त्यात गुंतलं की माणसानं ‘अरे’ म्हणायच्या आत चार-पाच वेढे बसलेले असतात. कापड फाटलं तर माणसाचं नशीब. नव्या शाफ्टवर प्लास्टिकचं कवच येतं. पहिल्याच सीझनला ते निघतं, कारण क्रॉसला ग्रीस द्यायला अडचण होते. मी ते परत बसवून घेतलं. ग्रीस देताना दहा मिनिटं जास्त जातात, एवढंच. आणि दुपट्ट्याऐवजी मास्क. कोरोनानं एक बरं केलं, मास्क लावायला आता कोणी लाजत नाही.

तिसरी गोष्ट घास लावण्याच्या तोंडाची. मळणी यंत्रांत हात जाण्याचे प्रकार देशभर इतके झाले, की १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांसाठी कायदा केला. त्यातलं धोकादायक यंत्र म्हणजे मुळात मळणी यंत्रच. जखमी मजुराला भरपाई देण्याची तरतूदही त्यात आहे. भारतीय मानकात घास घालण्याची पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा अर्धा भाग वरून झाकलेला असावा असं आहे. हिशेब सोपा आहे. माणसाचा हात जितका लांब, त्याहून ड्रम लांब. पण लांब आणि झाकलेल्या पन्हाळीतून घास हळू जातो, म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊन ती कापून घेणारे आहेत. मी माझी वाढवून घेतली. दिवसाला काही पोती कमी निघतात हे खरं आहे. ज्यांना तेवढा उशीर चालत नाही ते दुसरा हडंबा बोलावतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत जड गेली. दिवस मावळला की हडंबा बंद. या एका नियमावर जेवढी बोलणी खाल्ली तेवढी बाकी कशावर नाही. एका बापूंच्या वावरात संध्याकाळी यंत्र थांबवलं, तर ते कमरेवर हात ठेवून उभे.

“थोडीच तं राह्यली आता. लाइट लाव ना ट्रॅक्टरचा.”

“बापू, उजेड पाठीमागून पडते. घास लावणाऱ्याची सावली तोंडावरच येते. हात कुठी हाये थे त्याचं त्यालेच दिसत नाई.”

“अन् रातीतून पाणी आलं तं?”

“ताडपत्री माझी घ्या. सकाळी पह्यलं तुमचंच.”

ते काही पटले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. पण ताडपत्री घेतली. तेव्हापासून मी सीझनला दोन मोठ्या ताडपत्र्या ट्रॉलीत ठेवतो आणि त्याचे पैसे लावत नाही. शेतकऱ्याला रात्री थांब म्हणायचं असेल तर त्याच्या पावसाची सोय आधी करावी लागते. नुसता उपदेश कोण ऐकणार? सोंगणीचे दिवस हातातून जात असताना कोणाला भाषण नको असतं, हे मलाही कळतं.

सुडीची गोष्ट सांगायची म्हणजे साप. आठ दिवस पडलेल्या सुडीखाली ऊब असते, उंदीर असतात, म्हणून घोणस, नाग, मण्यार येतात. सुडी हातानं कवेत घेऊन उचलायची आमची जुनी पद्धत आहे. आता आधी लांब काठीनं हलवतो आणि ताडपत्री समोरून न ओढता पलीकडच्या बाजूनं गुंडाळत आणतो, म्हणजे खालचं जे काही असेल ते आपल्याकडे न येता मोकळ्या बाजूला जातं. चावलाच तर दोरी आवळणं नाही, ब्लेड मारणं नाही, मांत्रिक नाही. माणसाला चालू द्यायचं नाही आणि सरळ सरकारी दवाखाना. विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूच्या गावांत अस्वलाची भीती वेगळीच. बोथ्याकडची माणसं मका राखायला एकटी जात नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ तेराशेच्यावर किलोमीटर चालत या अभयारण्यात येऊन राहिला, तेव्हा पेपरवाले वाघ शोधत आले. अस्वलासाठी कोणी येत नाही. कास्तकाराला जास्त भेटतं ते मात्र अस्वलच.

वावरातल्या धोक्यांवर निदान आपला हात चालतो. रस्त्यावरचं तसं नाही. खामगावातून जाणारा मुंबई-कोलकाता महामार्ग पूर्वी सहा नंबरचा होता, आता ५३. याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. रस्ता चांगला झाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण त्याच गुळगुळीत रस्त्यावर आमची ट्रॉली ताशी वीसच्या वेगानं चढते आणि मागून ट्रक ऐंशीनं येतो. फरक साठचा. ट्रॉली शंभर मीटरवर दिसली तर ट्रकवाल्याकडे सहा सेकंद असतात. अंधारात, मागचा दिवा नसलेली, कुटाराच्या रंगाची ट्रॉली शंभर मीटरवर दिसतच नाही.

ट्रॉलीचा मागचा दिवा हा आमच्याकडे फक्त पासिंगच्या दिवशी लागणारा प्रकार आहे. वायर उंदीर खातात, प्लग ट्रॉली लावता-काढता तुटतो. म्हणून मी रेडियमवर भरवसा ठेवतो. मागे लाल पट्टी, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत, म्हणजे मागच्याला ट्रॉलीची रुंदी कळते. बाजूला पिवळी, पुढे पांढरी. खर्च किरकोळ. मात्र लावून विसरायचं नाही. चिखल आणि कुटार बसलं की रेडियम आंधळं होतं. मार्केटला निघताना ओल्या फडक्यानं पुसायचं. ऊसपट्ट्यात साखर कारखाने वाहनांना रिफ्लेक्टर लावायला लावतात. आमच्याकडे विचारणारं कोणी नाही. बाजार समितीच्या गेटवर मालाची नोंद होते, तिथंच मागची पट्टी पाहिली तरी एका सीझनमध्ये तालुक्यातल्या ट्रॉल्या सुधारतील असं मला वाटतं. हर्रासीला नंबर लागावा म्हणून माणूस मध्यरात्री निघतो. गेटवर अडवलं तर दुसऱ्या खेपेला पट्टी लावूनच येईल.

ट्रॉली पंक्चर झाली तर ती शक्यतो रस्त्याच्या खाली घ्यायची. नाइलाजानं कडेला राहिली तर माणसं मागे-पुढे दगड मांडतात, फांद्या टाकतात. ते ठीक. नंतर चाक बसतं, ट्रॉली जाते आणि दगड तिथेच राहतात. रात्री त्यावर मोटरसायकल जाते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की आता स्वतःची गाडी थांबवून दुसऱ्याचे दगड उचलतो. रस्त्यावर मका आणि सोयाबीन वाळत घालणाऱ्यांचंही तेच, काठाला दगडांची ओळ. दाण्यांवरून मोटरसायकलचं चाक गारगोट्यांवरून जावं तसं सरकतं. खळं नाही, वावरात ओल, मग वाळवायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पण निदान वळणावर नको आणि दिवे लागणीनंतर नको.

थकलेल्या माणसानं रस्त्याच्या कडेला आडवं होऊ नये हे मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. २ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे नांदुऱ्याजवळ वडनेर भोलजीला महामार्गाच्या कामावरचे मेळघाटचे मजूर रस्त्याकडेच्या झोपडीत झोपले होते. त्यांच्यावर ट्रक गेला. खामगावपासून ते ठिकाण लांब नाही. मार्केटच्या रांगेत ट्रॉलीच्या सावलीत, चाकाला डोकं लावून झोपणारे आमच्याकडे कमी नाहीत. रांग सरकली की पुढचा ट्रॅक्टर चालू होतो आणि खाली कोण आहे हे बघायला कोणी उतरत नाही. माझं सांगणं, झोपायचं तर पोत्यांवर, ट्रॉलीत.

माणसांची ने-आण मी ट्रॉलीतून बंद केली, मडगार्डवर बसवणं तर आधीच. ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ती चालवणाऱ्याची. बाकी बसलेल्यांना काही झालं तर विम्याचे लोक तिथंच बोट ठेवतात. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावला शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत गेला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात बाया गेल्या. आमच्याकडेही पांदणीच्या कडेला बिनकठड्याच्या विहिरी आहेत, पावसानं काठ खचलेला, वर गवत. सोंगणीच्या बायांसाठी मी आता ऑटो ठरवतो आणि त्यात बसतील तेवढ्याच घेतो. दोन खेपा होतात. ऑटोचे पैसे शेतकरी देतो की मी, यावर दरवर्षी घासाघीस होते. होऊ द्या.

भरपाईचा भाग कोरडा आहे, पण त्या घास लावणाऱ्या पोराचा हात गेला तेव्हा मला तोच सगळ्यांत जास्त टोचला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख मिळतात. वीज पडणं, सर्पदंश, शॉक, रस्त्यावरचा अपघात, फवारणीची विषबाधा हे त्यात येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत, म्हणून पंचनामा आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपायचे. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या आणखी एकाला लागू आहे. तो पोरगा भूमिहीन होता. हडंब्याच्या तोंडाशी बहुतेक वेळा असाच पोरगा उभा असतो. ज्याच्या नावावर वावर आहे तो धुऱ्यावर पोती मोजत असतो. योजना बनवणाऱ्यांनी वावरात एक दिवस उभं राहून पाहिलं असतं तर यादीत आधी कोणाचं नाव घालायचं हे कळलं असतं.

भूमिहीनासाठी सध्या हाताशी असलेली एक गोष्ट म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. बँकेत खातं असलेल्या अठरा ते सत्तर वयाच्या कोणालाही वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. एक हात किंवा पाय कायमचा गेला तर एक लाख. माझ्याबरोबर सीझनला जी माणसं असतात त्यांचे फॉर्म मी भरून घेतो. रस्त्यावर अपघात झाला तर मे २०२५ पासून केंद्राची दुसरी योजनाही आहे. नेमून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार पैसे न भरता होतो. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती गावात अजून आहे, पण २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं अशा माणसाला संरक्षण दिलं आहे. तेव्हा उचला आणि न्या.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या वावरात यंदा हडंबा लागणार असेल, तर यंत्र सुरू होण्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा. बंद करायची दांडी कुठं आहे, आणि घास लावणाऱ्याचा विमा भरला आहे का. सुरक्षा विम्याचे वीस रुपये मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून कापले जातात आणि संरक्षण १ जून ते ३१ मे चालतं. त्या आठवड्यात खात्यात पैसे नसले तर विमा तुटतो. मजुराच्या खात्यात मे महिन्यात बहुधा काहीच नसतं. वीस रुपये तुम्ही टाका.